आठ भाकरी, भागिले तीन

“सोपानभाऊ, आमच्या घरातलं आता कोण मेलं म्हंजी आमी आनखी वर जाऊ?”

असे विचारून अमृता कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. वय वर्षे चौदा, इयत्ता दहावी, दोन वेण्या आणि शाळेतून धावत आल्यामुळे लालबुंद झालेले नाक. तिच्या मागे कुडाच्या आडून सिद्धी आणि रिंकू तोंडावर ओढणी दाबून हसत होत्या. सिद्धी म्हणजे किराणा दुकानवाल्या पोपटलालशेठची नात. पैज तिनेच लावली होती: “त्या पाहणीवाल्याला एवढं विचारून दाखव, आठवडाभर माझा डबा तुझा!” सिद्धीच्या डब्यात रोज तूप लावलेल्या पोळ्या असायच्या. अशा डब्यासाठी तुम्हीसुद्धा विचारले असते. खोटे बोलू नका!

सोपानभाऊंचे पेन माझ्या पानावर तसेच थांबले.

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. पण तुमच्या दप्तरात असते तसली नाही हं. मी लांबरुंद, कापडी पाठीची, दोनशे पानांची. माझ्या पुठ्ठ्यावर ठळक छापले आहे, ‘कुटुंब क्रमांक ३१’. पुण्यातल्या एका संस्थेने माझ्यासारख्या कितीतरी वह्या छापून घेतल्या आणि जुन्नर-आंबेगावातल्या घराघरांत धाडल्या. एकदा मोजलेल्या घरी सात वर्षांनी पुन्हा जायचे, आणखी सात वर्षांनी पुन्हा जायचे. घर तेच, माणसे तीच, प्रश्न तेच आणि वहीसुद्धा तीच. म्हणजे कोण गरिबीत शिरले, कोण बाहेर आले, कोणाला काम मिळाले, कोण सुखी झाले हे एकाच ठिकाणी दिसते. एकदाच फोटो काढला तर माणूस बसलेला आहे की पडलेला, ते काय कळणार? कल्पना छानच आहे. मीसुद्धा छापखान्यातून निघाले तेव्हा फार मिरवत निघाले होते.

आज मी एका गोदामात गोणीत पडून आहे. माझ्या डोक्यावर क्रमांक ३२ आहे आणि पाठीखाली क्रमांक ३०. तीसला वाळवी लागली आहे. रात्रंदिवस कुरकुर चालू असते. गेल्या महिन्यात वाळवीने तिच्यातली सगळी ‘होय’ खाल्ली, आता ‘नाही’ सुरू झाली आहेत. पुढचा नंबर माझा. म्हणून म्हटले, पोट फाटायच्या आत सांगून टाकावे.

माझ्या नशिबी आलेले घर महाळुंगे पडवळच्या बाहेर, एका वस्तीवर होते. ते कोणी आवडले म्हणून निवडले नव्हते. यादीतले दर बारावे घर घ्यायचे असा नियम होता, आणि जयवंतचे घर बारावे आले. अकरावे आले असते तर यातले काहीच झाले नसते. शेजारणींना मात्र वाटले, यात काहीतरी वशिला आहे.

सन १९९०, डिसेंबर महिना. संस्थेचे पाहणीवाले सोपानभाऊ, तेव्हा मंचरचे नवेकोरे तरुण, सायकलवर आले. घरात पाच माणसे होती. जयवंत, त्याची बायको द्रौपदा, जयवंतची आई कुशाबाई, तीन वर्षांचा राजरत्न आणि कोपऱ्यात चिंध्यांत गुंडाळलेली, अजून नाव न ठेवलेली एक मुलगी. सोपानभाऊंनी काटा आणला होता. द्रौपदाच्या जुन्या लुगड्याची झोळी करून त्यांनी मुलीला त्यात घातले आणि काटा उंच धरला. झोळी जेमतेम खाली आली. त्यांनी माझ्या पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिले, ‘ओळ ५. मुलगी. वय १२ दिवस. वजन १.८०० किलो.’

ती अमृता. त्या पानाचा मला फार अभिमान होता, कारण पुढे शाळेत घालताना जयवंतने तिचे वय दोन वर्षांनी वाढवून सांगितले. बाई कामावर, म्हातारी खाटेवर, मग पोरीला सांभाळणार कोण? शाळाच सांभाळील! आणि जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणून वर्गातल्या निम्म्या मुलांसारखी तिचीही १ जून लागली. सगळ्या जगात तिचे खरे वय फक्त माझ्यात लिहिलेले होते. मी अगदी सोन्याचा दागिना असल्यासारखी ते जपत होते.

आता प्रश्नोत्तरे ऐका. नियम असा की उत्तरे कुटुंबप्रमुखाने द्यायची. सगळ्यांची.

“मालकीण काय काम करतात?”

“काय न्हाई,” जयवंत म्हणाला. “घरीच असती.”

त्या वेळी बाराच दिवसांची बाळंतीण द्रौपदा दाराबाहेर दुसऱ्याच्या कांद्याची रोपे जुड्या करून टोपलीत भरत होती. सोपानभाऊंना ती दिसत होती. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी लिहिले, ‘घरकाम. इतर काम नाही.’ पुढच्या दोन्ही फेऱ्यांत हेच उत्तर आले. मित्रांनो, माझ्या पानांवर ती बाई चौदा वर्षे घरी बसून आहे!

“गेल्या महिन्यात घरातलं कोणी उपाशी झोपलं का?”

“न्हाई,” जयवंत म्हणाला.

“मी एकांदी येळ झोपते,” द्रौपदा बाहेरून बोलली.

“तू गप. तुझं ते उपाशी व्हय? तू तर सयंपाक करून झोपतीस.”

सोपानभाऊंनी जरा विचार केला आणि ‘नाही’वर गोल केला.

मग आला सुखाचा प्रश्न. तो म्हाताऱ्या माणसांना स्वतंत्र विचारायची सोय होती. सोपानभाऊ खाटेजवळ बसले आणि म्हणाले, “आजी, तुमी आयुष्यात किती समाधानी? एक ते दहामधी सांगा. दहा म्हंजी सगळ्यात सुखी.”

कुशाबाईंनी आधी खोकून घेतले. मग मुलाकडे बघितले. मग हळूच म्हणाल्या, “धा लिव.”

“नक्की?”

“लिव रं बाबा. कमी लिवलं तर माझ्या पोराला वाईट वाटंल.”

दहा! मी दहा पोटात घेऊन पुण्याला गेले. संस्थेत त्या दहाचे फार कौतुक झाले म्हणे.

जाताना सोपानभाऊंनी आभार म्हणून स्टीलची एक वाटी दिली. माणसे पाच आणि वाटी एक. शेजारच्या झुंबरबाई कुंपणावरून ओरडल्या, “द्रौपदे, सरकारनी वाटी दिली, आता सरकारालाच माग काय घालायचं तिच्यात!” वस्ती आठवडाभर हसत होती.

दुसरी फेरी १९९७ ची. सोपानभाऊ लुनावर आले. आमच्या सगळ्या फेऱ्यांत सर्वांत जास्त प्रगती कोणाची झाली असेल तर सोपानभाऊंची, पण त्यांची वही कोणी छापली नव्हती.

“कुशाबाई?” त्यांनी विचारले.

“गेली,” जयवंत म्हणाला. “दोन वर्सं झाली.”

“कशानं?”

“खोकला व्हता. गोळ्या सा महिनं खायच्या व्हत्या. दोन महिन्यांनी बरं वाटाया लागलं, मंग तीच म्हनली, आता एसटीला पैसं कशाला घालवताय.”

दवाखाना मंचरला, एसटीचे भाडे जाऊन-येऊन. सोपानभाऊंनी माझ्यात मरणाच्या कारणांची यादी शोधली. साप होता, विहीर होती, बाळंतपण होते. एसटी नव्हती. त्यांनी ‘इतर’ लिहिले आणि कुशाबाईंच्या ओळीवर पट्टीने एक सरळ रेघ मारली. रेघ मारताना त्यांनी जीभ बाहेर काढली होती, म्हणून ती फार सुबक आली.

आणि काय गंमत पाहा! त्याच फेरीत मी प्रसिद्ध झाले. पुण्याच्या एका मोठ्या सभागृहात माझे पान भिंतीवर खाटेएवढे करून दाखवले. एक चष्मेवाले सर हातात छडी घेऊन म्हणाले, “क्रमांक एकतीस. आदर्श वही. एकही रकाना रिकामा नाही. आणि हे कुटुंब सात वर्षांत गरिबीच्या रेषेच्या वर आले आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फुगून गेले. घरात ना बैल आला होता ना पंखा. द्रौपदा अजून दुसऱ्याच्याच कांद्यात राबत होती. मग घर वर आले कसे, हे कोणी विचारले नाही. विचारले चौदा वर्षांच्या एका मुलीने, आणि तेही डब्यासाठी.

आता तिसऱ्या फेरीकडे येते. २००४, डिसेंबर, शनिवार. सोपानभाऊ मोटारसायकलवर आले. केस मागे गेले होते, पोट पुढे आले होते. सकाळी त्यांनी मला उघडून जुन्या पानांवरून नजर फिरवली आणि सहज बोलून गेले, “आण्णा, पुण्यात तुमच्या घराचं लई नाव हाय. आजी गेल्या त्या फेरीला तुमी रेषेच्या वर आलात.”

हे अमृताने ऐकले. शाळेत जाऊन मैत्रिणींना सांगितले. पोरी हसून हसून बाकावर आडव्या झाल्या, सिद्धीने पैज लावली, आणि शनिवारची शाळा सुटल्या सुटल्या अमृता दारात येऊन उभी राहिली. तो प्रश्न तुम्ही ऐकलाच आहे.

जयवंत तिच्यावर धावूनच जायचा, पण सोपानभाऊंना हसू आले. ते म्हणाले, “असूं द्या आण्णा, पोरगी हुशार हाय. ये अमृता, बस. तुला गनित सांगतो. समज, तुमच्या घरात रोज आठ भाकरी व्हत्यात. खानारी पाच. माणशी किती?”

“दोनाला कमी.”

“आणि आमची रेष समज माणशी दोनावर हाय. म्हंजी तुमी खाली. आता आजी गेल्या. भाकरी तेवढ्याच, आठ. खानारी चार. माणशी?”

“दोन!”

“आलात की न्हाई रेषेवर? भाकरी वाढल्या न्हाईत. माणूस घटलं. पण आकडा चढला.”

कुडामागच्या पोरी ‘अगं बाई’ म्हणून पळाल्या. अमृता जिंकली होती. तिचे डोळे असे चमकत होते की मला वाटले, या मुलीला फळ्यासमोर उभे केले तर ती सगळ्या वर्गाला शिकवील.

पण गणित ऐकणारी ती एकटी नव्हती. जयवंत उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला.

“आन् सायेब,” त्याने विचारले, “तीनच माणसं ऱ्हायली तर?”

सोपानभाऊ गमतीत होते. ते म्हणाले, “मंग काय आण्णा! आठ भागिले तीन. माणशी अडीचच्या वर. तुमी तर बागायतदारच की!”

आणि मोठ्याने हसले. जयवंत हसला नाही.

मित्रांनो, जयवंत वाईट माणूस नव्हता. वाईट माणसे मला ठाऊक आहेत, त्यांच्या घरची उत्तरे फार गोड असतात. जयवंत थकलेला होता. राजरत्नला त्याने आठवीतून काढून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलायला लावले होते. अमृतासाठी पिंपळवंडीचे एक स्थळ दिवाळीपासून दारात येऊन थांबले होते. मुलाचे नाव गेणू, वय एकोणतीस, बिजवर. पण टेम्पो स्वतःचा. दोन महिने जयवंत ‘बघू, परीक्षा हुंदे’ म्हणत होता. त्याला पोरीच्या मार्कांचा अभिमान होता. चार लोकांत तो ते मार्क सांगायचासुद्धा. त्याला फक्त कोणीतरी शिकलेल्या माणसाने एकदा सांगायला हवे होते की, दे तिला. सोपानभाऊंनी ते सांगितले. आणि सोपानभाऊंना बोलते केले कोणी? अमृताने!

त्याच संध्याकाळी जयवंत पिंपळवंडीला जाऊन आला. रविवारी सकाळी सोपानभाऊ उरलेली पाने भरायला आले तेव्हा सगळे ठरून गेले होते. येत्या गुरुवारी पाहुणे येणार, एप्रिलमध्ये जयंती झाली की लग्न, आणि शाळा उद्यापासूनच बंद.

अमृता चुलीपाशी रडून सुजलेले तोंड घेऊन बसली होती. “दहावी तरी देऊ द्या,” ती पुनःपुन्हा म्हणत होती. “माझा पहिला नंबर येतो, आण्णा.”

“नंबर काय खायचा हाय का?” जयवंत म्हणाला. “कालच ऐकलंस की. सायबाच्या वहीतच हाय. आकडं काय खोटं बोलत्यात व्हय?”

द्रौपदा भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, “मी तेरा वर्सांची आले व्हते ह्या घरात. मेले का?”

सोपानभाऊंनी हे ऐकले. ते माझी पाने भराभर उलटू लागले, जणू त्यात दडून बसायला जागा होती.

“ओळ पाच,” त्यांनी वाचले. “अमृता. वय?”

“अठरा,” जयवंत म्हणाला.

“आण्णा, काय तरीच काय? दहावीत हाय ती.”

“अठरा लिवा. तुमची वही सरकारी. तिच्यात कमी लिवलं आन् लग्नाला पोलीस आलं म्हंजी?”

“वही सरकारी न्हाई वो. गुपित ऱ्हातं सगळं. कोणाला दावत न्हाईत.”

“मंग अठरा लिवायला तुमाला काय अडचण हाय?”

जयवंत शाळेत कधी तर्कशास्त्र शिकला नव्हता, पण त्याने सोपानभाऊंना बरोबर कोंडीत पकडले. त्यांनी ‘१८’ लिहिले. मग त्यांच्या ध्यानात आले की आता मागचे जुळत नाही. वये जुळली नाहीत की पुण्याचे साहेब सगळी वही परत भरायला लावतात, आणि अजून पंधरा घरे बाकी होती. त्यांनी खिशातून पाते काढले.

मित्रांनो, माझे पहिले पान! चौदा वर्षे मी ते जपले होते. घुशीपासून जपले, गळक्या छपरापासून जपले. सोपानभाऊंनी पात्याने ‘१२ दिवस’ खरवडले. कागदाचा भुसा त्यांनी फुंकरीने उडवला. त्या जागी लिहिले, ‘४ वर्षे’. सत्त्याण्णवच्या पानावरची सात वर्षेही त्यांनी खरवडून अकरा केली. ओरडायला मला तोंड नाही. मला फक्त रकाने आहेत.

अमृता उठून जवळ आली होती. तिने माझ्यात डोकावून पाहिले. डोळे पुसले. आणि त्या मुलीची जीभ अशी की रडतानासुद्धा गप्प बसेना!

“वा, सोपानभाऊ! तवा राजरत्न तीन वर्सांचा आन् मी चार. आता मी माझ्या थोरल्या भावाची थोरली भईन झाले. आन् हे काय? वजन एक किलो आठशे! चार वर्सांची पोरगी पावट्याच्या शेंगंएवढी व्हती व्हय?”

तिला वाटले, आता तरी हा माणूस लाजेल.

सोपानभाऊंनी पुन्हा खाली पाहिले. “बरं झालं सांगितलंस,” ते म्हणाले. त्यांनी पात्याने ‘१.८००’ मधले टिंब खरवडले आणि एक घर पुढे दिले. अठरा किलो. चार वर्षांची सुदृढ मुलगी. सगळे जुळले! आता माझ्यात एकही चूक सापडणार नव्हती.

दोनदा असे झाले. आदल्या दिवशी तिने प्रश्न विचारला, त्यातून तिचे लग्न ठरले. आज तिने चूक दाखवली, त्यातून तिचा जन्म पुसला गेला. हुशार असण्याची एवढी शिक्षा मी दुसऱ्या कोणत्याही ओळीला झालेली पाहिलेली नाही.  पाते खिशात जाईपर्यंत अमृता त्याच्याकडे बघत राहिली.

आत्मवृत्ताच्या शेवटी वही म्हणते, मला कव्हर घाला, माझे कान दुमडू नका. मी तसे म्हणणार नाही. माझे कान खुशाल दुमडा! पण मित्रांनो, एखाद्या माणसाबद्दल काही लिहिणार असाल, तर आधी त्या माणसालाच विचारा. शेजारी बसलेल्याला विचारून लिहू नका, तो कितीही मोठा असला तरी. आणि एकदा खरे लिहिलेत, की जुळत नाही म्हणून ते खरवडू नका. कागद फाटला तर चिकटवता येतो. खरवडलेला कागद कायमचा झिजतो. त्या जागेतून आता पलीकडचा उजेड दिसतो.

सोपानभाऊ मला पिशवीत भरू लागले. अमृता दारात आडवी उभी होती.

“माझं म्या कवा सांगायचं?” तिने विचारले. आवाज अगदी शांत होता.

“नियम हाय, बाई. कुटुंबप्रमुखानी सांगायचं.”

“आन् कुटुंब म्हंजी कोण?”

“एका चुलीवरचं खानारी ती सगळी एक कुटुंब.”

“म्हंजी चूल येगळी, तर कुटुंब येगळं?”

“व्हय की. लोकं वाटणी करत्यात, तसं. एकाच छपराखाली दोन चुली असल्या तरी आमी दोन घरं धरतो. त्यांना नवी वही देतो. हाय ना कोरी वही माझ्याकडं.”

“त्याला वयाचा नियम हाय का?”

सोपानभाऊ विचारात पडले. माझ्या शेवटी नियमांची बारा पाने आहेत, मला ती पाठ आहेत. चुलीला वय नाही.

“न्हाई,” ते म्हणाले. “वयाचं काय न्हाई लिवलेलं.”

“मंग पाच मिनिटं थांबा, भाऊ. पानी प्या.”

ती अंगणात गेली. कुंपणाच्या कडेचे तीन दगड तिने एकेक करून उचलून आणले आणि पेरूच्या झाडाखाली मांडले. झुंबरबाईंच्या वावरात बटाटे काढायला ती सुट्टीत जायची, तिथले वेचलेले चार बटाटे तिने दप्तरातून काढले. तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी घातले, बटाटे टाकले, तुराट्या मोडून दगडांत खुपसल्या आणि पेटवल्या. झुंबरबाई कुंपणावर येऊन उभ्या राहिल्या. “काय गं अमृते, भातुकली खेळतीस? लगीन ठरल्यावर?” कुंपणावर आणखी तीन डोकी आली. वस्तीवर करमणूक तशी कमीच.

जयवंतला काही कळेना. द्रौपदाला मात्र कळले. पिठाच्या हातांनी ती तीरासारखी बाहेर आली आणि तिने लाथ मारून डबा उडवला, दगड विस्कटले. उकळते पाणी मातीत गेले. बटाटे गडगडत कोंबड्यांपर्यंत पोचले.

“माझ्या पोटची असून येगळी चूल घालतीस? मी जित्ती असताना?”

आणि तिने अमृताच्या तोंडात दिली. पिठाची पाच बोटे गालावर पांढरी उमटली. कुंपणावरची डोकी हसली. सोपानभाऊ मोटारसायकलकडे पाहू लागले. मी त्यांच्या पिशवीतून अर्धी बाहेर होते, म्हणून मला सारे दिसले.

अमृता वाकली. तापलेला दगड तिने ओढणीने नव्हे, उघड्या हाताने धरून जागेवर ठेवला. मग दुसरा. तिसऱ्याला तिच्या तोंडातून ‘स्स’ आले, पण दगड सोडला नाही. बटाटे गोळा करून मातीसकट डब्यात टाकले. घरातल्या रांजणाकडे ती गेली नाही. वस्तीच्या हापशावरून पाणी आणले आणि फुंकून फुंकून जाळ पुन्हा केला. एवढा वेळ तिला कोणी अडवले नाही. का अडवले नाही, ते मला माहीत नाही. बहुतेक सगळ्यांना वाटले, ही आता रडेल.

सोपानभाऊंनी पिशवीतून कोरी वही काढली. आधी त्यांनी जयवंतकडे चोरून पाहिले. पण त्यांनी ती काढली, हे मला सांगितलेच पाहिजे.

पुढे काय झाले ते मला विचारू नका. ती नवी वही माझ्या गोणीत नाही. चौथी फेरी झालीच नाही. संस्थेला दुसरा विषय मिळाला. गुरुवारी पाहुणे आले का, एप्रिलमध्ये काय झाले, दहावीला कितवा नंबर आला, यासाठी माझ्यात पानच नाही. जे माझ्या कानावर आले तेवढेच मी सांगू शकते. त्या दिवशी गालावर पीठ आणि बोटांना फोड घेऊन, डब्यावर झाकण ठेवून अमृता उभी राहिली, आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात आईवडिलांना म्हणाली:

“आये, आण्णा, आजपासनं माझी चूल येगळी. मी दहावी देनार, आन् माझं वय मी सांगनार, चौदा! गुरवारी पिंपळवंडीचं पावणं आलं म्हंजी त्यांना सांगा, ह्या घरात द्यायला पोरगी ऱ्हायली न्हाई. शेजारच्या घरात एक हाय, पन तिथं तिलाच इचारावं लागतं.”